क्षमा झाली, तरी भोगावे का लागते?

प्रार्थनासभा संपल्यावर पाळकांना एकटे गाठून, किंवा पापनिवेदनाच्या जाळीपलीकडून फादरना हळू आवाजात, एक प्रश्न नेहमी विचारला जातो. मी मनापासून पश्चात्ताप केला, देवाने क्षमा केली असे तुम्हीच सांगता, मग बायको अजून माहेरीच का? कोर्टातली केस का संपत नाही? दारूने गेलेले लिव्हर का सुधारत नाही? आणि त्यामागून येणारा खरा प्रश्न: म्हणजे मला क्षमा मिळालीच नाही का?

ख्रिस्ती शिकवणीत याचे उत्तर आहे, पण बहुतेक वेळा ते अर्धेच सांगितले जाते. क्षमा झाली म्हणजे देवाशी तुटलेले नाते जुळले आणि पापाचा दोष तुमच्या नावावर उरला नाही. त्या कृत्याने दुसऱ्यांच्या संसारात, तुमच्या शरीरात, गावातल्या तुमच्या नावात जे काही घडवले, ते त्याच क्षणी पुसले जाईल असे आश्वासन बायबलमध्ये कुठेही नाही. क्षमा पूर्ण असते आणि परिणामही खरे असतात. यातले एक धरून दुसरे सोडले की घोटाळा होतो. एका बाजूला क्षमा मिळालेला माणूस वर्षानुवर्षे स्वतःला शापित समजत राहतो. दुसऱ्या बाजूला अपराधी माणूस "देवाने मला माफ केले, आता तुम्ही कोण?" असे म्हणून ज्याचे वाटोळे केले त्याच्याच अंगावर येतो.

हे समजून घ्यायला सगळ्यात चांगले प्रकरण दावीद राजाचे आहे. मोघम उपदेशापेक्षा ते बारकाईने वाचलेले बरे.

एकाच दमात दोन वाक्ये

बायबलमधले दुसरे शमुवेल हे पुस्तक, अध्याय ११. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीद यरुशलेमातच राहिला आहे आणि सेनापती यवाब राब्बा शहराला वेढा घालून बसला आहे. संध्याकाळी राजवाड्याच्या गच्चीवरून दावीद उरीया हित्तीची बायको बथशेबा हिला स्नान करताना पाहतो आणि माणसे पाठवून तिला आणवतो. काही दिवसांनी तिला दिवस गेल्याचा निरोप येतो. मग लपवाछपवी सुरू होते. उरीयाला आघाडीवरून बोलावून घरी झोपायला पाठवण्याचा खटाटोप होतो. आपले सोबती उघड्या रानात असताना मी घरी कसा जाऊ, म्हणून तो राजवाड्याच्या दाराशीच पडून राहतो. त्याला दारू पाजली जाते, तरी तो जात नाही. शेवटी दावीद यवाबाला चिठ्ठी लिहितो: याला लढाईच्या ऐन तोंडी उभा करा आणि मागे सरा, म्हणजे हा मरेल. ती चिठ्ठी तो उरीयाच्याच हाती देतो. उरीया मरतो, आणि त्याच्याबरोबर आणखी काही सैनिकही मरतात. ते सैनिक प्रवचनात सहसा राहून जातात. कथेत त्यांची नावेही नाहीत. एक पाप झाकायला केलेल्या दुसऱ्या पापात ज्यांचा काही संबंध नाही अशी माणसे कशी भरडली जातात, ते तेवढ्या एका वचनात दिसते.

बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा येतो. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी हिसकावली, अशी गोष्ट तो राजाला सांगतो. दावीद भडकतो. हा माणूस मरणदंडाला पात्र आहे, त्याने कोकरीच्या चौपट भरून द्यावे, असे तो म्हणतो. चोरून मारलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे, हा निर्गमाच्या २२व्या अध्यायातला नियमच होता. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीद सबब सांगत नाही, बथशेबाकडे बोट दाखवत नाही. मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे, एवढेच म्हणतो.

इथे १३वे आणि १४वे वचन शेजारी ठेवून वाचावे. तेराव्यात नाथान म्हणतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. चौदाव्यात तोच नाथान त्याच दमात म्हणतो की तरी तुला झालेले मूल मरेल. तलवार तुझ्या घराण्याला सोडणार नाही, हे त्याने आधीच दहाव्या वचनात सांगितले आहे. मधे दिवस गेलेले नाहीत, दावीदाचा पश्चात्ताप तपासून पाहिलेला नाही, काही अर्पण झालेले नाही. कबुली येताच क्षमा आली, आणि परिणामांची यादी तशीच उभी राहिली.

यात एक गोष्ट हमखास निसटते. व्यभिचाराला आणि खुनाला मोशेच्या नियमशास्त्रात मरणदंड होता. "तू मरणार नाहीस" या शब्दांत सगळ्यात मोठा परिणाम क्षमेबरोबरच माफ झाला. म्हणजे क्षमेने परिणाम अजिबात बदलत नाहीत असे नाही. काही टळतात, काही हलके होतात, काही उरतात. कोणते टळतील हे आपण ठरवत नाही.

उरलेल्या परिणामांचे स्वरूप

पुढचे आठ अध्याय वाचले तर परिणाम एकाच जातीचे नसतात हे कळते. काही थेट देवाने जाहीर केलेले आहेत. मुलाचा मृत्यू त्यातला, आणि पूर्ण कथेत पचायला तोच सगळ्यात जड. त्याला गुळगुळीत करणारे स्पष्टीकरण देऊ नये. पण एवढे पक्के धरावे की तो एका राजाला, एका संदेष्ट्याच्या तोंडून, एका प्रसंगात सांगितलेला निवाडा होता. आज लेकरू गमावलेल्या आईबापांना "तुमच्याच पापामुळे" असे म्हणण्याचा अधिकार यातून कोणालाही मिळत नाही.

दुसरे परिणाम आपोआप उगवलेले आहेत. दावीदाचा मोठा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामारवर बलात्कार करतो. दावीद फार संतापतो, असे तेराव्या अध्यायात लिहिले आहे, आणि पुढे त्याने काही केल्याचा उल्लेख नाही. कारण पवित्र शास्त्र सांगत नाही. पण ज्या बापाने स्वतः दुसऱ्याची बायको बोलावून घेतली त्याची त्या घरात बोलायची जागाच गेली होती, हे समजायला वेगळा पुरावा लागत नाही. न्याय झाला नाही म्हणून तामारचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षे थांबून अम्नोनाला मारतो, तीन वर्षे गशूरला परागंदा राहतो, परत आल्यावरही दोन वर्षे त्याला बापाचे तोंड दिसत नाही. त्यातून बंड उभे राहते, आणि शेवटी अबशालोमाचाही अंत होतो.

तिसरा प्रकार म्हणजे तुटलेला विश्वास. दावीदाचा सल्लागार अहीथोफेल बंडखोरांना जाऊन मिळतो. का, ते लिहिलेले नाही. पण बथशेबा एलीयामाची मुलगी असे अध्याय ११ सांगतो, आणि अध्याय २३ मधल्या वीरांच्या यादीत अहीथोफेलाचा मुलगा म्हणून एलीयाम हे नाव येते. तो एलीयाम एकच असेल, तर अहीथोफेल हा बथशेबाचा आजा. बरेच अभ्यासक ही नावे तशी जोडतात. देवाने क्षमा केली म्हणून आजोबाच्या मनातली आग विझली नाही, आणि ती विझलीच पाहिजे अशी सक्ती देवाने कुठे केलेलीही नाही.

मग क्षमेचा पुरावा काय? तो त्याच बाराव्या अध्यायात आहे. मूल आजारी असेपर्यंत दावीद उपास करून जमिनीवर पडून असतो. सातव्या दिवशी ते मरते. हा काही बरेवाईट करून घेईल म्हणून सांगायची चाकरांची हिंमत होत नाही. त्यांची कुजबूज ऐकून दावीदच विचारतो, आणि मूल गेल्याचे कळल्यावर उठतो, अंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या घरी जाऊन नमन करतो आणि घरी येऊन जेवायला मागतो. चाकर चक्रावतात. मूल जिवंत होते तोवर देव दया करील कोण जाणे म्हणून मागत होतो, आता तो परत यायचा नाही, मीच त्याच्याकडे जाईन, असे तो सांगतो. शिक्षा करणाऱ्याच्या दारातच तो उपासनेला गेला, म्हणजे नाते शाबूत होते. पुढे शलमोन जन्मतो तेव्हा देव निरोप पाठवतो, तोही नाथानाच्याच हाती. या बाळाचे नाव यदीद्या ठेवा, परमेश्वराला प्रिय. परिणाम चालूच होते आणि प्रीतीही चालूच होती.

अशी उदाहरणे आणखी आहेत. गणनाच्या १४व्या अध्यायात देव मोशेला म्हणतो की तुझ्या विनंतीप्रमाणे मी क्षमा केली आहे, आणि लगेच सांगतो की ही पिढी वचनदत्त देश पाहणार नाही. वधस्तंभावरचा पश्चात्तापी चोर लूकच्या २३व्या अध्यायात आपल्या कर्माचे योग्य फळ भोगतो आहे असे स्वतःच कबूल करतो. येशू त्याला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असे म्हणतो, तरी तो वधस्तंभावरून खाली उतरत नाही. आणि स्तोत्र ९९ च्या आठव्या वचनात तर दोन्ही गोष्टी एकत्रच आहेत: तू त्यांना क्षमा करणारा देव होतास, आणि त्यांच्या कृत्यांचे प्रतिफळ देणाराही.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कुठे वेगळे होतात

उरलेल्या परिणामांना काय म्हणायचे, यावर मतभेद आहे. कॅथलिक शिकवण म्हणते की गंभीर पापाने शाश्वत शिक्षा ओढवते, आणि प्रत्येक पापाने ऐहिक शिक्षाही लागते. धर्मगुरूने दिलेल्या पापमुक्तीने दोष आणि शाश्वत शिक्षा जाते. पापाने लावलेली ओढ, बिघडलेली घडी, म्हणजे ऐहिक शिक्षा, ती उरू शकते. प्रार्थना, उपास, दानधर्म, आलेले दुःख धीराने सोसणे यांतून, आणि राहिलेली मरणानंतर शुद्धीस्थानात, ती फिटते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये हे नेमकेपणाने मांडले. इंग्रजीत जिला इंडल्जन्स म्हणतात ती सवलत याच ऐहिक शिक्षेपुरती असते. तिने पापाची क्षमा मिळत नाही, तिचा उपयोग क्षमा मिळून गेल्यानंतरच होतो. सोळाव्या शतकात तिचा बाजार मांडला गेला, १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर त्याविरुद्ध उभा राहिला, आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्याच परिषदेने त्यातून पैसा कमावणे बंद करण्याचा ठराव केला.

प्रोटेस्टंट मांडणी वेगळी आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर सगळी शिक्षा सोसली, म्हणून विश्वासणाऱ्याला फेडायला काहीच उरत नाही. जे दुःख येते ती शिक्षा नव्हे, ते बापाचे वळण लावणे. इब्री लोकांस पत्राचा १२वा अध्याय याचा आधार. जॉन कॅल्विनने दावीदाचीच कथा घेऊन न्यायाधीशाचा दंड आणि बापाची शिस्त यांतला फरक मांडला आहे.

हा फरक लहान नाही, त्यावर युरोप दुभंगला. पण घेतलेला पैसा परत करायचा का, असे विचारले तर फादर आणि पाळक दोघेही एकच उत्तर देतात.

भरपाई: किती, कोणाला, कशी

लेवीयच्या सहाव्या अध्यायात हिशेब दिला आहे. फसवून, लुबाडून किंवा सापडलेली वस्तू दडपून ठेवली असेल तर मूळ वस्तू पूर्ण परत द्यायची आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. ५०,००० रुपये हडपले असतील तर ६०,००० द्यायचे. हे दोषार्पण आणायच्याच दिवशी द्यायचे. म्हणजे पीडिताचे देणे बाजूला ठेवून देवाशी परस्पर मिटवता येत नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूही तेच सांगतो: वेदीपाशी आठवण झाली की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण दे. जकातदारांचा मुख्य जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट असे म्हणतो. पाचव्या हिश्शावर तो थांबला नाही. तारण विकत घ्यायला हे दिले असे मात्र समजू नये. येशू त्याच्या घरी आधी उतरला, जक्कयाने पैसे नंतर काढले.

पंचमांश हा आजच्या ख्रिस्ती माणसावर बंधनकारक दर नाही, मूळ रक्कम मात्र आहे. धनी मेला असेल तर वारसांना द्यायची. कोणीच सापडत नसेल तर गरिबांना, कारण दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे ठेवायचा नाही. गणनाच्या पाचव्या अध्यायातही वारस नसल्यास भरपाई परमेश्वराला, म्हणजे याजकाला, द्यायची तरतूद आहे. एकदम जमत नसेल तर हप्त्याने, पण पहिला हप्ता लगेच. नाव उघड करणे जरुरीचे नाही, पैसे गुपचूप किंवा मध्यस्थामार्फत पोचवले तरी चालतात. इथे हमखास चूक होते ती अशी: मालकाचे पैसे खाल्ले आणि तेवढेच चर्चच्या दानपेटीत टाकले. मालक सापडत असताना ती भरपाई होत नाही.

पैशाची भरपाई त्यातल्या त्यात सोपी. बदनामीची अवघड. कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट म्हणते की सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करणे हे कर्तव्य आहे, करणाऱ्याला क्षमा मिळाली असली तरी. जिथे खोटे बोललात तिथेच ते खोडायचे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मुलीबद्दल वावडी उठवली असेल तर तिला खाजगीत "सॉरी" म्हणून भागत नाही, त्याच ग्रुपवर "मी लिहिले ते खोटे होते" असे लिहावे लागते. पूर्ववत काहीच होणार नाही अशी हानी असते, तिथे नैतिक भरपाई तरी करायची: जाहीर कबुली, इलाजाचा खर्च, मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी.

कॅथलिक पापनिवेदन, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, त्यात पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई हे तीन भाग पापी माणसाचे, आणि पापमुक्ती धर्मगुरूकडून. आधी घरी शांत बसून विवेक तपासायचा. गंभीर पापांचा प्रकार आणि जमेल तितकी नेमकी संख्या सांगायची. "बऱ्याच चुका झाल्या, फादर" हे पुरत नाही, आणि दुसऱ्यांची पापे सांगायची नसतात. पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. पुन्हा पडणारच नाही अशी हमी कोणी मागत नाही, पण ज्या गोष्टीमुळे आपण पडतो ती सोडायची तयारी लागते. मग फादर प्रायश्चित्त सांगतात. ते पापाच्या मानाने आणि माणसाची परिस्थिती पाहून द्यायचे असा धर्मसंहितेचा नियम आहे. तीन वेळा नमो मरिया म्हणा असे सांगितले म्हणजे चोरलेल्या पैशाचा विषय संपला, असा समज करून घेऊ नये. प्रायश्चित्त वेगळे, परतफेड वेगळी, आणि परत द्यायचा इरादाच नसेल तर पश्चात्तापच खोटा ठरतो.

गुन्हा असेल तेव्हा

पाप गुन्हाही असेल तर कायद्याचा परिणाम चर्चच्या हातात नाही. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही. व्हॅटिकनच्या २०१९ मधल्या एका सूचनापत्रात हेही स्पष्ट केले आहे की पोलिसांपुढे हजर होणे ही पापमुक्तीची अट घालता येत नाही. खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय मात्र लागतोच. फादर सल्ला देऊ शकतात, आणि चांगले फादर तो देतात.

पापनिवेदनाबाहेर कळलेली गोष्ट वेगळी. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशा अत्याचाराची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत. तेव्हा मंडळीच्या वडीलजनांनी दोन्ही कुटुंबांना समोरासमोर बसवून, प्रार्थना करून, "त्याने क्षमा मागितली, विषय संपला" असे म्हणणे हे क्षमेच्या शिकवणीला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही. अशा माणसाला पश्चात्तापानंतरही रविवारच्या शाळेत मुलांपुढे उभे करायचे नाही. देवाने त्याला स्वीकारले म्हणून मुलांची सुरक्षितता पणाला लावता येत नाही.

पीडित माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची, इथे सगळ्यात जास्त अन्याय होतो. क्षमा करणे म्हणजे सूड आणि द्वेष सोडणे. तक्रार मागे घेणे, पुन्हा एकत्र राहणे, पुन्हा पैसे हाती देणे हे त्यात आपोआप येत नाही. नवरा व्यभिचारी निघाला तर निर्दोष जोडीदाराने क्षमा करावी अशी कॅथलिक धर्मसंहिता कळकळीने शिफारस करते, आणि त्याच कलमात, कलम ११५२ मध्ये, वेगळे राहण्याचा हक्कही देते. सहा महिने स्वेच्छेने पूर्वीसारखा संसार चालू ठेवला तर क्षमा केली असे धरले जाते. स्वतःहून वेगळे राहायला लागल्यास सहा महिन्यांत धर्माधिकाऱ्यांपुढे प्रकरण न्यायचे असते. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या बाबतीत तर घाई करूच नये. त्याने दारू सोडून, उपचार घेऊन, महिनोन्‌महिने वागणूक बदललेली दिसली पाहिजे. "मी रडलो, मग ती का येत नाही?" ही तक्रारच सांगते की त्याला अजून आपल्याच दुःखाची चिंता आहे.

प्रत्येक दुःख म्हणजे पापाचा परिणाम नव्हे

आपल्या वातावरणात कर्मफळाची कल्पना इतकी मुरलेली आहे की चर्चमध्येही ती नकळत शिरते. कॅन्सर झाला, म्हणजे काहीतरी केले असणार. येशूने हे दोनदा तोडले आहे. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले, पाप याचे की आईबापांचे? योहानच्या नवव्या अध्यायातले उत्तर: याचेही नाही, त्यांचेही नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते का? लूक १३ मधले उत्तर: नाही. यहेज्केल १८ म्हणतो की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. दारुड्या बापाच्या मुलांना उपासमार आणि कर्ज वाट्याला येते, हा परिणाम खरा आहे, पण दोष त्या मुलांचा नाही. "पिढीजात शाप" तोडून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांना हा अध्याय वाचायला द्यावा.

ओळखायची रीत साधी आहे. अमुक कृत्यातून अमुक परिणाम कसा आला याची साखळी दाखवता येते का? जुगार, मग कर्ज, मग घर विकले: साखळी दिसते. जुगार, मग मुलीला ताप: दिसत नाही. दिसत नसेल तिथे जोडू नये, स्वतःच्या बाबतीतही नाही.

अपराधी भावना जात नाही तेव्हा

स्तोत्र ३२ मध्ये पाप दडवले तेव्हा हाडे झिजली, कबूल केले तेव्हा क्षमा झाली, असा अनुभव आहे. न सांगितलेल्या पापाची टोचणी कबुलीने जाते. पण कबूल करून, भरपाई करूनही तेच पाप पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटत असेल तर तो पश्चात्ताप नव्हे. कॅथलिक परंपरेत यावर जुना, कामाचा नियम आहे: पापनिवेदन ऐकणारे एकच फादर धरावेत, एकदा क्षमा झालेले पुन्हा सांगू नये, आणि शंका आली की स्वतःच्या मनापेक्षा त्यांचे ऐकावे. झोप उडाली असेल, तासन्‌तास तेच विचार फिरत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. तो विश्वासाचा कमीपणा नाही.

प्रेषित पौल दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात देवाप्रीत्यर्थ दुःख आणि जगाचे दुःख यांत फरक करतो. एकाने पश्चात्ताप घडतो, दुसऱ्याने मरण. येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याने त्याबद्दल मिळालेली चांदीची ३० नाणी परत केली, मी निर्दोष रक्त धरून दिले अशी कबुलीही दिली, पण तो याजकांकडे गेला, येशूकडे गेला नाही, आणि फास घेतला. पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारले आणि तो हमसून रडला, पण बाकीच्यांत राहिला. योहान २१ मध्ये येशू त्याला तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनदा काम सोपवतो. तीन नकारांची आठवण पुसलेली नाही, चारही शुभवर्तमानांत ती आजही वाचली जाते.

राहता राहिला रोजचा प्रश्न: परिणाम सोसत असताना काय मागायचे? दावीदाने मुलासाठी सात दिवस मागितले, तेव्हा सूट मागण्यात गैर काही नाही. शिक्षा कमी व्हावी म्हणून अपील करता येते, बायकोने परत यावे म्हणून प्रार्थना करता येते, फक्त त्या प्रार्थनेचे ओझे तिच्यावर टाकायचे नाही. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद पळत असताना, आधीचा राजा शौल याच्या घराण्यातला शिमी दगड मारत, शिव्या देत बाजूने चालत होता. त्याचे डोके उडवतो म्हणणाऱ्या आपल्या सरदाराला, अबीशयाला, दावीदाने थांबवले आणि म्हणाला, शाप देऊ दे त्याला, कदाचित परमेश्वर माझे दुःख पाहून या शापाच्या बदल्यात माझे भले करील. शिमी त्याला शौलाच्या घराण्याचा खुनी म्हणत होता, आणि तो आरोप खोटा होता. उरीयाच्या खुनाचा दोष मात्र खरा होता. दावीदाने वाद घातला नाही. तो थकून यार्देनेपर्यंत चालत गेला, आणि तिथे त्याने विसावा घेतला.